खोक्यांतून आलेली नटी

दादा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं उलटली आणि मी आत्ता कुठे लिहायला बसले आहे. बसले म्हणजे तिसऱ्यांदा बसले. पहिले दोन कागद फाडले, कारण दोन्हींत मी फार शहाणी दिसत होते. जन्मभर मुलांचे निबंध तपासले, त्यामुळे स्वतःचं काही लिहायला घेतलं की हात आपोआप नीटनेटकं करायला धावतो. ही गोष्ट नीटनेटकी नाहीच. एक गोष्ट तुम्हाला माहीत होती की नव्हती, हे मला अजून कळलेलं नाही, आणि ते कळत नाही म्हणून मी तुमचं नेमकं किती वाटोळं केलं तेही कळत नाही, असा सगळा घोळ आहे. तेव्हा जिथलं मला लख्ख आठवतं तिथून सुरू करते, म्हणजे खोक्यांपासून.

पिंपरीच्या कंपनीत तुम्ही स्टोअरला होतात. सकाळी दापोडीहून सायकल काढायचात आणि दिवसभर पहारीनं लाकडी खोकी फोडायचात. तेव्हा कंपनीत नवी लाइन उभी राहत होती आणि मशिनं अमेरिकेतून येत होती. आपली अख्खी खोली मावेल एवढाली खोकी, तुम्ही हात पसरून दाखवायचात. आत मशिनला धक्का लागू नये म्हणून वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले असायचे. ते बोळे तुम्ही सुटीच्या भोंग्यानंतर गोळा करून घरी आणायचात. गेटवरचा वॉचमन डबा उघडून बघायचा, पण रद्दीला काही म्हणायचा नाही. आई तांब्यात निखारे भरून ते कागद सरळ करायची आणि फळीवर डब्यांखाली अंथरायची. आपल्या चाळीतल्या निम्म्या फळ्यांवर अमेरिका पसरलेली होती, आणि ती वाचता येईल असं चाळीत कोणी नव्हतं. मी नववीत होते, मला इंग्रजीत बरे मार्क पडायचे, तेव्हा तो मान तुमच्या लेकीकडे, माझ्याकडे आला.

एका रविवारी तुम्ही तिखटाचा डबा काढायला गेलात आणि डबा हातात धरून तिथेच उभे राहिलात. खाली एका बाईचा फोटो होता. दाराच्या चौकटीवर हात ठेवून मागे वळून बघणारी, अंगात जुन्या तऱ्हेचा घोळदार पोशाख. तुम्ही मला हाक मारलीत आणि विचारलंत, "ही कोन गं?" मी खालची ओळ लावली. म्हटलं, नटी आहे, नाटकात काम करते, सिनेमातही करते. "नाटकात?" तुम्ही म्हणालात, आणि डबा तसाच मांडीवर घेऊन खाली बसलात. आई तिखट मागत होती, तिकडे तुमचं लक्षच नव्हतं.

आता तुम्हालाच हे सांगणं म्हणजे वेडेपणा आहे, पण लिहिलं नाही तर मलाच पुढचं लिहिता येणार नाही. जयंतीला आपल्या वस्तीत नाटक व्हायचं आणि त्यात नायिका तुम्ही असायचात. कुठल्याच घरची मुलगी स्टेजवर पाठवायला लोक तयार नसायचे. मुलगी तयार झाली तर चुलता आडवा यायचा. विसाव्या वर्षापासून तुम्ही लुगडं नेसत होतात. पहारीनं तुमचे हात फावड्यासारखे रुंद झाले होते, बांगड्या साबण लावून चढवाव्या लागत, आणि नाटकाच्या आदल्या दिवशी आई दिव्याशी बसून तुमच्या तळहातातली लाकडाची कुसळं सुईनं काढायची. ते हात दिसू नयेत म्हणून तुम्ही ते सारखे पदराखाली ठेवायचात. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, काय बाई मर्यादशील आहे. मला हसू यायचं, आणि हसू येतंय याचा रागही यायचा.

त्या रविवारनंतर तुम्ही बोळे निवडून आणायला लागलात. हळूहळू आपल्याला उलगडलं की सगळी खोकी एकाच गावाहून निघत होती. त्या गावात मशिनं व्हायची, त्याच गावचं वर्तमानपत्र खोक्यांत कोंबलं जायचं, आणि ती नटी त्याच गावची लेक होती, म्हणून ते तिचं आयुष्य दर रविवारी थोडं थोडं छापत होते. पण खोकी भरणाऱ्या माणसांना आपल्या सोयीची काय पडलेली? आधी तिचं तिसरं लग्न आलं, मग तिचं बाळपण. वडील न्हावी होते. पहिल्या नाटकात मूळची नटी आजारी पडली म्हणून हिला ऐन वेळी उभं केलं, आणि बूट मोठे होते म्हणून त्यांत कागद कोंबले. बुटांचं ऐकून तुम्ही इतके खूश झालात की मला तो भाग तीनदा वाचायला लावलात. मग सिनेमा, मोटारी, कुत्री, दुसरं लग्न. तिचं नाव आपल्यापैकी कोणालाच धड म्हणता येईना, तेव्हा तुम्ही तिला नुसतं 'बाई' म्हणायला लागलात. "आज बाईचं काय आलंय का?" असं आईसुद्धा विचारायची.

शोकसभा आठवते? मला आठवली की अजून कानशिलं तापतात. एका पानावर बाई पांढऱ्या बिछान्यावर पडलेल्या, छातीवर फुलं, भोवती लोक माना खाली घालून उभे. मी खालच्या ओळीतले दोनतीन शब्द ओळखले आणि बाकीचं त्या माणसांच्या चेहऱ्यांवरून जुळवलं. सांगून टाकलं, बाई वारल्या. तुम्ही त्या संध्याकाळी जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी विहारात तालमीला सगळी मंडळी जमली तेव्हा तुम्ही उठून दोन शब्द बोललात आणि पेंट शॉपमधले, वेल्डिंगमधले, रेल्वेतले असे चौदा पुरुष अमेरिकेतल्या एका बाईसाठी दोन मिनिटं उभे राहिले. पुढच्या खोक्यात बाई केक कापताना निघाल्या, चांगल्या गुटगुटीत. ते मेलेलं माणूस नाटकाच्या शेवटच्या प्रवेशातलं होतं. तुम्ही हसून हसून ठसका लागेपर्यंत हसलात. दुसऱ्या दिवशी मंडळींना भजी खाऊ घालून जाहीर केलंत की बाई जिवंत हाय. पण त्याआधी मला समोर बसवून म्हणालात, "अंदाजानं वाचू नगं. ठावं न्हाई तिथं ठावं न्हाई म्हन. आमाला त्याचं काय वाईट वाटनार न्हाई." तुम्ही मला कधी मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. रागावणं म्हणाल तर एवढंच.

त्या वर्षी मंडळींनी पुण्याच्या कामगार स्पर्धेत उतरायचं ठरवलं. मंडळाचे सेक्रेटरी आपल्या घरी आले, पेंट शॉपमधले ते किरकोळ अंगाचे, नखांत कायम हिरवा रंग असलेले. चहा घेऊन झाला तरी मुद्द्याला येईनात. शेवटी बोलले, "राव, पुण्यात नायिका बाप्या माणूस दिसला की लोक हसत्यात. तिथं बाईच आनावी लागंल. पन आईचा पार्ट तुमी करा. तसली आई दुसरं कोन करंल?" तुम्ही बशीतला चहा बशीतच ठेवलात. मला वाटलं तुम्ही चिडाल, पण नवरी मुलगी पसंत नाही म्हटल्यावर बापाचा होतो तसा तुमचा चेहरा झाला. चाळीशी ओलांडली होती तुमची, नायिका किती दिवस करणार होतात, हे तुम्हालाही कळत असणारच. आठवड्यानं सांगतो म्हणालात.

आणि नेमकं तेव्हा, दादा, बाईंचंही तेच चाललं होतं. हा योग मी जुळवलेला नाही, खोक्यांनी जुळवला. त्याच सुमाराला आलेल्या पानात होतं की सिनेमावाल्यांनी बाईंना बोलावणं बंद केलं, नव्या पोरी आल्या, आणि जुन्या ओळखीच्या एका नाटकवाल्यानं निरोप धाडला की या, पण नायिका म्हणून नाही, नायिकेची आई म्हणून. पान तिथेच संपलं, पुढचं पुढच्या रविवारी. तुम्ही आईला म्हणालात, "बाई काय करती बघू. मग ठरवतो." आईला वाटलं तुम्ही थट्टा करताय. मला माहीत होतं, थट्टा नव्हती. पुढचे पाच दिवस तुम्ही कंपनीत इतक्या झपाट्यानं खोकी फोडलीत की फोरमननं तुमचं सगळ्यांसमोर कौतुक केलं.

सहाव्या दिवशी पान मिळालं. तुम्ही ते डब्यात न कोंबता सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून आणलंत. हातपाय धुतलेत, खोक्याच्याच फळ्यांच्या तुमच्या त्या स्टुलावर बसलात आणि मला म्हणालात, सावकाश वाच, घाई न्हाई. मी शाळेतून आणलेली डिक्शनरी घेऊन बसले. अर्धा तास लागला असेल. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की झालं का.

पानात काय होतं ते मी आज शब्दाशब्दानं सांगू शकते. बाईंनी अकरा दिवस नाही म्हटलं आणि बाराव्या दिवशी गाडीत बसल्या. पहिल्या प्रयोगाला त्या चहाचा ट्रे घेऊन आत आल्या, आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच सगळं थिएटर उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. त्यांनी म्हटलं होतं की सुंदर दिसण्याचं ओझं उतरलं तेव्हा मला पहिल्यांदा काम करता आलं. नशीब की त्या पानावर फोटो नव्हता.

मी तुम्हाला सांगितलं, बाईंनी नाही म्हटलं. परत त्या नाटकाकडे फिरकल्या नाहीत. आपल्या गावी गेल्या, घराभोवती झाडं लावली, लोक त्यांना आधीपेक्षा मान द्यायला लागले. एवढ्यावर थांबायचं होतं, पण खोटं बोलणाऱ्याला भर घालायची हौस असते. मी म्हटलं, "त्यांच्या मुलीलाही फार आनंद झाला."

"मुलगी?" तुम्ही विचारलंत. "तिला मुलगी हुती?"

इतक्या महिन्यांत, इतक्या पानांत, तीन लग्नांत, मुलीचं अक्षरही कुठे आलं नव्हतं. मी म्हटलं, "हो. आत्ता लिहिलंय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही, संशयानं म्हणावं तर तसंही नाही. ते बघणं मला आजपर्यंत वाचता आलेलं नाही, आणि वाचनाचा तर मी पोटापाण्याचा धंदा केला. मग म्हणालात, "बरं." उठलात आणि सायकल पुसायला बाहेर गेलात. मी पान चुलीत घातलं. आईनं ते बघितलं आणि भाकरी थापत राहिली.

का केलं, ते सांगायला हवं. मला तुमची लाज वाटायची. शाळेत काळेवाडीची एक मुलगी माझ्या बाकावर बसायची, तिनं विचारलं होतं की तुझे वडील नाटकात कसलं काम करतात, तर मी राजाचं म्हणून सांगितलं होतं. स्पर्धा पुण्यात, म्हणजे पेपरात नाव येणार, फोटो येणार, पांढऱ्या केसांचा टोप घातलेली, नथ घातलेली म्हातारी म्हणजे माझे वडील. आणि एवढंच नव्हतं. मागच्या जयंतीला तुम्ही मेलेल्या मुलाशी बसून रडलात तेव्हा माझ्या आजूबाजूच्या बायका पदरात तोंड घालून रडत होत्या, आणि मला अचानक वाटलं की ही बाई कोण, आमचे दादा कुठे गेले. मी घाबरले होते. तुम्ही इतकं चांगलं काम करत होतात की घाबरायला झालं. पंधरा वर्षांच्या पोरीला त्याला लाजच म्हणता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दाढी केलीत पण ओठावरचं ठेवलंत. त्या दिवशी सेक्रेटरींना नाही म्हणून आलात. ते दोनदा घरी आले, एकदा तर आईच्या हातापाया पडले. तुम्ही एकच सांगितलंत की आता पुरे. महिन्याभरात तुम्हाला झुबकेदार मिशी आली, मला फार आवडली ती. रद्दी आणणंही बंद झालं. मी एकदा विचारलं, बाईंचं काही आलं नाही का, तर म्हणालात, "झालं की तिचं." तुम्ही पुन्हा कधी स्टेजवर गेला नाहीत. जयंतीला खुर्च्या लावायचात आणि नाटक सुरू झालं की घरी यायचात. आधी तुम्ही पाणी भरताना, सायकलची चेन बसवताना सारखे वाक्यं पुटपुटायचात, ते कधी बंद झालं तेही माझ्या लक्षात आलं नाही. मी अभ्यासात होते.

मी मॅट्रिक झाले, बी.ए. झाले, तेही इंग्रजी घेऊन, आणि चिंचवडच्या शाळेत लागले. पहिल्या दिवशी तुम्ही मला मोठी डिक्शनरी आणून दिलीत, खास पुण्याला जाऊन, नव्या कोऱ्या कागदात गुंडाळलेली. हातात ठेवताना म्हणालात, "आता अंदाज नगं." आणि हसलात. आई हसली, मीही हसले. त्या शोकसभेची आठवण काढून बाप लेकीची चेष्टा करतो आहे, यापलीकडे त्यात काही होतं का? कधी वाटतं, काहीच नव्हतं. कधी वर्गात शिकवता शिकवता ते तीन शब्द आठवायचे आणि हातातला खडू तसाच राहायचा.

मग तुमच्या छातीत पाणी झालं आणि तुम्हाला हॉस्पिटलात ठेवलं. शाळा सुटली की चार वाजता मी यायचे. तुमच्या शेजारच्या खाटेवर चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलणारे एक गृहस्थ होते, पाय मोडलेले, तोंड मात्र शाबूत. एका दुपारी मी वॉर्डच्या दारात आले तर तुम्ही त्यांना बाईंची गोष्ट सांगत होतात. पहिल्यांदाच ती क्रमानं ऐकली मी. न्हाव्याची लेक, बुटांतले कागद, सिनेमा, कुत्री, तीन लग्नं. मी दाराशीच थांबले, कारण शेवट येत होता आणि तो मला माहीत होता, माझाच होता.

तुम्ही म्हणालात, "मग तिला आईचा पार्ट सांगितला. बाई लई दिस न्हाई म्हनाली. मग गेली." तुम्ही खाटेवर उठून बसलात, दम लागला तरी थांबला नाहीत. म्हणालात की बाई पाण्याचा तांब्या घेऊन आत आली, नुसती आली, काय बोलली न्हाई, आणि समदी मान्सं उठून हुबी ऱ्हायली. नवी नायिका तिच्या पाया पडली. सांगताना तुमचे ते रुंद हात चादरीखाली गेले होते, आणि तुम्हाला ते कळलंही नव्हतं. त्या क्षणी ती म्हातारी खरंच त्या खाटेवर होती, दादा. तुम्ही तो पार्ट केला असतात तर कसा केला असतात, ते मी दारातून बघितलं.

त्या गृहस्थांनी मला पाहिलं. तुम्ही म्हणालात, "ही माजी लेक. हिनंच वाचून दावलं समदं." ते म्हणाले, "खरं का वो ताई? उठून हुबी ऱ्हायली मान्सं?"

मी म्हटलं, "हो."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पुन्हा तसंच. "बगा," तुम्ही त्यांना म्हणालात, "लिवलंयच तसं." आणि आडवे झालात.

आता मी काय समजायचं? त्याच वर्तमानपत्राचं दुसरं पान दुसऱ्या खोक्यात निघालं असेल आणि कंपनीतल्या कुणा साहेबानं ते तुम्हाला वाचून दाखवलं असेल. पण मग ट्रेचा तांब्या कुठून झाला, आणि अमेरिकेतली नायिका कुणाच्या पाया कशाला पडेल? की माझा शेवट तुम्हाला गोड लागला नाही म्हणून पंधरा वर्षं घरी बसून तुम्ही स्वतःच दुसरा रचलात, आणि तो खरा निघाला? की त्या संध्याकाळीच, मुलगी म्हटल्याबरोबर, तुम्हाला सगळं कळलं होतं? लेक काय मागते आहे ते ओळखलंत, आणि देऊन टाकलंत? मी हे तिन्ही आळीपाळीनं खरे मानून बघितले आहेत. एकही पुरता बसत नाही, आणि तिसरा आठवला की मला घरात बसवत नाही, मी उगाच भाजी आणायला बाहेर पडते.

त्यानंतर तुम्ही नऊ दिवस होतात. नऊही दिवस मी आले, रोज बसमध्ये शब्द जुळवत आले, आणि रोज तुम्हाला मोसंबी सोलून दिली, धागेसुद्धा काढून, एकेक फोड. तुम्ही शुद्धीवर होतात, बोलत होतात, कांदेवाल्यांशी भांडत होतात. विचारायला जागा होती. मी लोकांना सांगत आले की वेळच मिळाला नाही, वडील फार झटकन गेले. ते खरं नाही. तुम्हाला माहीत नाही असं निघालं असतं तर मला सांगावं लागलं असतं, आणि माहीत आहे असं निघालं असतं तर तुमच्या तोंडून ऐकावं लागलं असतं. दोन्हींची माझी तयारी नव्हती. अजूनही नाही, दादा. हे एवढं सगळं लिहिलं तेसुद्धा तुमच्याकडून उत्तर येणार नाही याची खात्री आहे म्हणून.